शोभाचं व्याज

“शोभाचं व्याज आलंय. मुद्दल न्हाई,” मालतीअक्का म्हणाल्या आणि चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या.

त्यांच्या सोप्यात आम्ही तीसेक बायका दाटीवाटीनं बसलो होतो. पुढच्या रविवारी आमची भिशी फुटायची होती. इचलकरंजीत गल्लोगल्ली अशा भिश्या चालतात. दर रविवारी प्रत्येकीनं एका भागाला पन्नास रुपये आणून द्यायचे. जमलेल्या पैशातून जिला नड असेल तिला शेकडा तीन रुपये महिना व्याजानं उचल द्यायची. दिवाळीच्या तोंडावर सगळी उचल परत घ्यायची आणि जिचे तिचे पैसे व्याजाच्या वाट्यासकट वाटून टाकायचे. याला भिशी फुटणं म्हणतात. त्या दिवशी बायका ठेवणीतली साडी नेसून येतात, कारण कुणाला हिशेब द्यावा लागत नाही असे पैसे त्यांच्या हातात वर्षातून एकदाच पडतात.

“किती अडकलंय?” मी विचारलं. आकडा मला पाठ होता, पण तो चारचौघींत निघावा म्हणून विचारलं.

“आठ हजार.”

“आणि ते आल्याबिगर भिशी फुटत न्हाई. हाच नेम हाय न्हवं?”

“नेम हाच हाय,” अक्का म्हणाल्या.

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. शोभा चौकटीला टेकून उभी होती. मोठ्या हाडापेराची, कमी बोलणारी बाई. आमच्या पलीकडच्या गल्लीच्या टोकाला तिचा गोठा होता, त्यात एक म्हैस, आणि तिच्या दुधावर अर्धी गल्ली चहा प्यायची. तिचा नवरा सर्जेराव यंत्रमाग दुरुस्त करायचा. आमच्या शेडमधले मागही तोच बघायचा. उन्हाळ्यात शोभानं म्हशीच्या आजारपणासाठी म्हणून आठ हजार उचलले होते आणि व्याज मात्र आजवर एकदाही चुकवलं नव्हतं.

“रविवारपतोर द्या मला,” ती जमिनीकडं बघत म्हणाली. “येतील.”

“येतील म्हंजे? कुठनं चालत येणार हायत?” मी म्हणाले. दोघीतिघी हसल्या. “अक्का, उद्या सकाळी दारात बसायचं.”

दारात बसणं हा आमच्या भिशीचा शेवटचा उपाय होता. शिव्या द्यायच्या नाहीत, आवाज चढवायचा नाही. सगळ्या भागवाल्यांनी जाऊन तिच्या दारात नुसतं बसायचं, त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही आणि पैसे येईपर्यंत उठायचं नाही. येणारी जाणारी गल्ली बघत राहते. दोन वर्षांपूर्वी एकीच्या दारात बसलो तेव्हा दुपार व्हायच्या आत तिचा भाऊ कुरुंदवाडहून पैसे घेऊन धावत आला होता. तेव्हाही मीच पुढं होते. बायका मला वसुलीवाली म्हणायच्या आणि खोटं कशाला बोलू, मला ते नाव आवडायचं.

“सणासुदीचं नको गं, पद्मा,” अक्का म्हणाल्या.

“सण आमालाबी हाय की, अक्का.”

मला सणाचं काही पडलं नव्हतं. मला मिरजेचं पडलं होतं. माझी मुलगी त्रिशला बारावी झाली होती आणि मिरजेच्या एका नर्सिंग कॉलेजात तिचं नाव यादीत लागलं होतं. मी तिला नुसतं “बघू” म्हणाले होते आणि तिनं ते “नाही” असं समजून घेतलं होतं. पण मी कुणाला न सांगता एकटीच मिरजेला जाऊन आले होते. कानातल्या कुड्या मोडून जागा धरून ठेवली होती. तिथल्या क्लार्कनं बजावलं होतं की भाऊबीजेच्या आत साडेआठ हजार भरा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. इकडं माझ्या नणंदेनं शिरोळचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलगा कारखान्यात कामाला, वयानं बराच मोठा, हुंडा नको म्हणणारा. फी भरली गेली नाही तर त्रिशला शिरोळला जाणार, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

आमच्या घरामागं शेड होती आणि तिच्यात चार माग. त्यातले दोन माझ्या नवऱ्यानं, भूपाल मगदूमनं, पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आमची फक्त मजुरी. ती कधी वेळेवर यायची, कधी कापडात खोट काढून व्यापारी अडवून धरायचा. हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा. तीन हप्ते थकले की पतसंस्थेची माणसं टेम्पो घेऊन येतात आणि माग उचलून नेतात, हे आम्ही शेजारच्या शेडमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं.

या एका हप्त्यावरून आमचं लग्न झाल्यापासून झालं नव्हतं तेवढं भांडण त्या वर्षी झालं असेल.

“आधी देणं, मग साठवणं,” भूपाल म्हणायचे. “भोक पडलेल्या घागरीत पाणी भरून काय उपेग?”

“देणं तुमचं जन्मभर हाय. पोरगी बारावी एकदाच हुती,” मी म्हणायची.

भिशीत माझा एक भाग आहे एवढंच त्यांना माहीत होतं. खरे तीन होते. घरी मशीनवर मी दुसऱ्यांच्या सुताच्या कांड्या भरून द्यायची आणि त्या मजुरीचा आकडा त्यांना कमी सांगायची. बाजाराला मिळालेल्या पैशातूनही हातचं राखायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. चहात साखर घालणं मी त्या वर्षी बंद केलं होतं आणि “कोरा च्या पोटाला बरा” असं सांगत होते. त्रिशलाची चप्पल किती वेळा शिवून आणली याची गणती नाही.

उन्हाळ्यात मंदी आली, तेव्हा त्यांनी मला विचारलं, “तुझ्याकडं काय हाय का? हप्त्याला कमी पडतंय.” मी म्हणाले, “माझ्याकडं कुठलं?” पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. त्यानंतर एकदा जेवताना विचारलं. मी ताटात भाकरी वाढत म्हणाले, “घरात दमडी न्हाई.” मग त्यांनी विचारणं सोडलं. हप्ते भरले जात होते. मला वाटलं, बाजार सुधारला.

आणि माझं लक्षही तिकडं नव्हतं. दर रविवारी अक्का मोठ्यानं सांगायच्या, “शोभाचं व्याज साठ रुपये,” आणि माझ्या तीन भागांना त्यातलं किती येईल याची मी मनात बेरीज करायची. माझी मुद्दल साडेसात हजार होत होती. वरचे हजार-अकराशे व्याजाच्या वाट्यातून येणार होते. शोभासारख्या उचल घेणाऱ्या होत्या म्हणून माझी फी पुरी होत होती. मी मनातल्या मनात तिच्या म्हशीला आशीर्वाद द्यायची, की बाई, अशीच आजारी पडत जा.

सोमवारी सकाळी आम्ही शोभाच्या दारात जाऊन बसलो.

ती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. आम्ही कुणी हात पुढं केला नाही. तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि तिथंच उभी राहिली. सर्जेराव गोठ्यातून आला, आम्हाला बघून थबकला.

“सांग की गं आता,” तो बायकोला म्हणाला.

“शपथ घातलीया,” शोभा म्हणाली.

“कसली शपथ नि कसलं काय,” मी म्हणाले. “घेताना म्हस आजारी, देताना तोंड आजारी. शोभा, आमच्या पैशावर पोरांची शिक्षणं अडल्यात.”

माझ्या डोळ्यांसमोर भाऊबीज दिसत होती. आज पैसे आले नाहीत तर रविवारी भिशी फुटणार नाही, आणि दिवाळी उलटल्यावर ती फुटली काय, न फुटली काय, माझ्या दृष्टीनं सारखंच. मला धीर धरवेना. माझ्या शेजारी जयश्री बसली होती, आमच्याच गल्लीतली शेजारीण. मी तिला म्हणाले, “म्हस सोड गं. आठ हजाराला कोणबी घेईल.”

जयश्री उठेना. मग मीच उठले आणि दाव्याला हात घातला. हे आमच्या रिवाजात नव्हतं. अक्का “पद्मा, पद्मा” करत राहिल्या.

शोभानं येऊन माझ्या हातातलं दावं धरलं. “वैनी, म्हशीला हात लावू नका.”

“मग पैसे टाक.”

तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला कळलं असतं. ती कीव आल्यासारखी बघत होती.

“पैसे मी घेतलेच न्हाईत,” ती म्हणाली. “माझ्या नावावर दुसऱ्यानं घेतल्यात. ज्यांनी घेतलं, त्यांच्या दारात चला.”

तिनं पायात चपला सरकवल्या आणि चालू लागली. आम्ही मागोमाग. मी सगळ्यांत पुढं, शोभाच्या अगदी पाठीशी. कुणाचं घर असेल याचा अंदाज बांधत मी चालले होते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं असेल, त्याचा जुगाराचा नाद सगळ्यांना ठाऊक. दुकान मागं पडलं. शोभा आमच्या गल्लीत वळली. मग मला जयश्रीची शंका आली. मी वळून पाहिलं तर तिचा चेहरा उतरलेला. म्हटलं, सापडली. म्हणूनच म्हशीला हात लावेना. जयश्रीचं घरही मागं पडलं.

शोभा थांबली. पाठीमागच्या शेडमधून मागांचा खडखडाट येत होता.

“हितं कशाला थांबलीस?” मी म्हणाले. “पुढं चल की.”

“मगदूम भाऊंना बोलवा,” ती म्हणाली.

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या आणि मी आमच्या दाराकडं. दाराला मीच लावलेलं आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण होतं, वाळून गेलेलं.

“कामात हायत ते,” मी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं की हा आवाज वसुलीवालीचा नव्हे.

मालतीअक्का आधी बसल्या. आमच्याच कट्ट्यावर, पदर सावरून, जशा थोड्या वेळापूर्वी शोभाच्या दारात बसल्या होत्या तशाच. मग बाकीच्या एकेक करून बसल्या. मी एकटी मध्ये उभी. आत जाऊन दार लावून घ्यावं, असं वाटत होतं. पळून जावं असंही वाटत होतं. जयश्रीनं माझा पदर ओढला.

“बस की, वैनी. तुझेबी भाग हायत की भिशीत.”

मी बसले. माझ्याच घराकडं तोंड करून, माझ्याच पायरीवर.

कुणीतरी शेडमध्ये निरोप दिला असावा. एक माग बंद झाला, मग दुसरा, मग बाकीचे. गल्ली एकदम गप्प झाली. भूपाल हात पुसत बाहेर आले. केसांत सुताचा भुसा होता. त्यांनी बायका पाहिल्या, शोभाला पाहिलं आणि त्यांना कळलं. मग मी दिसले.

“तू कशाला तिथं बसलीयास?”

“पैसे घ्यायला,” मी म्हणाले.

“भाऊ, ह्या म्हस सोडायला आल्या हुत्या,” शोभा म्हणाली. “तवर मी सांगितलं न्हाई. आता सांगावं लागलं.”

“बरं केलंस,” ते म्हणाले. दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. उंच माणूस, पण त्या वेळी मला ते एवढेसे दिसले.

“कशाला घेतलेत?” मी विचारलं.

“हप्त्याला. दोन थकले हुते. तिसऱ्याला माग गेलं असतं.”

“मला का इचारलं न्हाई?”

“इचारलं की. एकदा सोडून तीनदा इचारलं. घरात दमडी न्हाई म्हणालीस.”

बायका ऐकत होत्या. मला त्यांच्या असण्याचीही शुद्ध राहिली नव्हती. “आणि व्याज? व्याज कुठनं दिलंत?”

“आठवड्याच्या मजुरीतनं. बाजाराला तुला कमी देत हुतो. मंदी हाय म्हणून सांगत हुतो. व्यापाऱ्यानं दिवाळीच्या आत अडवलेली मजुरी देतो म्हणून सांगितलं हुतं. त्यावर आठ हजार फिरवणार हुतो. त्यानं काल हात वर केलं.”

म्हणजे माझी साखर बंद झाली होती, ती त्यांना शोभाकडं व्याज पोचवता यावं म्हणून. ते व्याज शोभाकडून अक्कांकडं जायचं, अक्का ते मोठ्यानं सांगायच्या, आणि मी खूश होऊन बोटांवर बेरीज करायची. आमच्याच चुलीपुढून निघालेला पैसा गल्लीला वळसा घालून नफा म्हणून माझ्या हातात पडणार होता. उरलेला बाकीच्या बायकांच्या हातात. मी वर्षभर काटकसर करून नवऱ्याला शेकडा तीन रुपये व्याजानं कर्ज दिलं होतं.

आतून त्रिशला आली. तिच्या हातात कणीक होती. सगळ्यांना बघून ती बापाच्या शेजारी उभी राहिली.

“आई, बाबांना बोलू नको,” ती म्हणाली. “व्याज मीच पोचवत होते. दूध आणायला जाताना.”

“तुला ठाऊक हुतं?”

“बाबा म्हणाले, आईला कळू देऊ नको. ती आधीच काळजी करून करून वाळलीय.”

मी अक्कांकडं वळले. आता मी काय बोलले ते सांगते, कारण ते तीस बायकांनी ऐकलेलं आहे. मी म्हणाले, “अक्का, नाव शोभाचं हाय. पैसे तिनं उचलल्यात. भिशीनं तिच्याकडनंच घ्यावेत. आमचं नि तिचं काय असंल ते आमी मागनं बघू.”

मला मिरज सोडवत नव्हती. बुडत्याला काय सुचेल ते मला सुचत होतं.

शोभानं एकदा भूपालकडं पाहिलं. “बरं,” ती म्हणाली. “मग चला, म्हस सोडून न्या.” आणि ती परत चालू लागली.

“थांब गं,” मालतीअक्का म्हणाल्या. “पद्मा, असं नको करू. तुझं तीन भागाचं साडेसात हजार जमा हाय. त्यातनं उचल वळती करून घे. कमी पडंल ते तुझ्या व्याजाच्या वाट्यातनं जाईल. कुणाचंच काय राहणार न्हाई.”

“तीन?” भूपाल म्हणाले.

मी मान वर केली नाही.

“एकच भाग म्हणालीस तू.”

“तीन हायत.”

“माग हातचे चालले हुते माझे. तीनदा इचारलं तुला.” त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मीही चढवला असता आणि बरं झालं असतं. “कशाला साठवत हुतीस?”

“हिच्या फीला,” मी म्हणाले. “मिरजेला जागा धरून ठेवलीय. भाऊबीजेच्या आत साडेआठ हजार भरायचे हायत. तुमाला सांगितलं असतं तर तुमी हप्त्याला घातले असते.”

“घातलेच असते,” ते म्हणाले.

त्रिशला खाली बसली. उंबऱ्याच्या आत, कणकेचे हात मांडीवर घेऊन. दुधाच्या किटलीबरोबर आपण दर आठवड्याला काय घेऊन जात होतो, हे तिला तेव्हा कळलं असावं. ती रडली नाही. बराच वेळ हाताची कणीक सोलत राहिली.

“आई, वळतं करून टाक,” ती म्हणाली.

“आणि मिरज?”

“शोभाकाकींची म्हैस नको.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणावर ओरडायचं ते मला कळेना. “करा वळतं,” मी अक्कांना म्हणाले. बायका उठल्या. शोभा त्याआधीच निघून गेली होती.

तो आठवडा कसा गेला ते मी कुणाला सांगितलेलं नाही. घरात तिघं आणि बोलणं नाही. एकदा भूपाल म्हणाले, “एक माग विकतो.”

“पतसंस्थेचा बोजा हाय त्याच्यावर. विकणार कसा?”

“जुन्यातला विकतो.”

“भंगाराच्या भावानं जाईल. आणि पुढचा हप्ता तीन मागांवर निघंल?”

दुसऱ्या दिवशी नणंदेचा निरोप आला की शिरोळची माणसं दिवाळीत मुलगी बघायला यायचं म्हणतात. भूपाल म्हणाले, “येऊ देत. बघायला काय जातंय?” त्रिशला उठून माझ्या जागी कांड्यांच्या मशीनवर बसली आणि भराभर कांड्या भरू लागली. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता, सूत तुटत नव्हतं. ते बघून मला भडभडून आलं. मी मोरीत जाऊन भांडी घासत बसले. रात्रीची घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

रविवारी भिशी फुटली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. मीही गेले, कारण वळतं होऊन सहाशे रुपये राहत होते आणि सहाशे रुपये सोडण्याची माझी ऐपत नव्हती. अक्कांनी ते हातावर ठेवले. मी मोजून घेतले.

वाटप झालं की त्याच सतरंजीवर नवी भिशी सुरू व्हायची. अक्का एकेकीला विचारत होत्या.

“पद्मा, किती भाग?”

“एक,” मी म्हणाले. मग दोन्ही हात सतरंजीवर टेकले. “आणि अक्का, मला उचल पायजे. आठ हजार. आजच.”

“आज कुठली उचल? पेटी रिकामी हाय.”

“आज सगळ्यांच्या हातात पैसे हायत. प्रत्येकीनं नव्या भिशीचे तीनशे रुपये आगाऊ टाकले तर हुतंय. तुमाला तेवढे आठवडे काय भरावं लागणार न्हाई. पोरीची फी हाय. भाऊबीजेच्या आत भरायची हाय.”

सोप्यात कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, “आणि थकलं तर? दारात बसायला पुढं कोण हुणार?” हसणाऱ्या हसल्या. त्या दिवशी मला फक्त पैसे हवे होते.

“घरात सांगितलंयस?” अक्कांनी विचारलं.

“यायच्या आधी सांगितलं. किती मिळतात, किती भाग, सगळं सांगितलं. त्यांनी हप्ता किती राहिलाय ते सांगितलं.”

“आणि काय म्हणाला भूपाल?”

“मिळतीलच असं धरून जाऊ नको म्हणाले.”

अक्कांनी मान हलवली. “तीनशे मी टाकते,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघा. पण जामीन लागंल, पद्मा. भिशीतलीच बाई पायजे.”

मी जयश्रीकडं पाहिलं. ती साडीच्या निऱ्या नीट करत होती. दुसरीकडं पाहिलं. तिनं पाकिटातल्या नोटा पुन्हा मोजायला घेतल्या. मी वर्षानुवर्षं ज्यांच्यासाठी दारादारांत बसले होते त्या सगळ्या तिथं होत्या. त्यांना बोल लावावा असंही वाटलं नाही, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही निऱ्याच नीट केल्या असत्या.

“मी हाय,” शोभा म्हणाली.

ती नेहमीसारखी चौकटीला टेकून उभी होती. जुन्याच साडीत. सगळ्या वळून तिच्याकडं बघायला लागल्या.

“माझी म्हस जामीन,” ती म्हणाली. “पण एक सांगते, वैनी. व्याज माझ्या हातनं भरलं जाईल आणि ते दर रविवारी तुमी सोता गोठ्यात आणून द्यायचं. पोरीच्या हातनं पाठवायचं न्हाई. भाऊंच्याबी न्हाई.”

“बरं,” मी म्हणाले.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्रिशला आणि तिचे वडील मिरजेला जाऊन फी भरून आले. पुढच्या सालाच्या फीसाठी नव्यानं उचल घ्यावी लागली, आणि त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी शोभा जामीन राहिली. दर रविवारी मी तिच्या गोठ्यात जायची. ती शेण भरत असली तर हात धुऊन यायची, माझ्यासमोर नोटा मोजायची, “बराबर हाय” म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. शेवटचं व्याज देऊन झालं तोवर त्रिशलाला सांगलीत नोकरी लागली होती आणि ती पहिल्या पगारातून शोभाला साडी घेऊन गेली, तेव्हा शोभानं तिला जवळ बसवून चहा पाजला. मला त्या सगळ्या वर्षांत तिनं एकदाही बस म्हटलं नाही.